ग्लाशा ओढ्यातले तीन खळगे

४ ऑगस्ट
पाणी चौदा अंश. खोली तीस सेंटिमीटर.

मत्स्य खात्याच्या ऑर्लाने ही वही दिली आहे. "रोज एवढे दोन आकडे लिहायचे, गस. बाकी काही नको." आकडे लिहून झाले. पण उरलेलं पान कोरं सोडायला माझ्या आईने मला शिकवलेलं नाही.

आज ग्लाशा ओढ्यात गोटे परत टाकायला सुरुवात झाली. ट्राउट मासे हिवाळ्याच्या तोंडाशी तळ्यातून ओढ्यात चढतात, मादी शेपटीने गोट्यांत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून गोटेच लोटते. गोटे नाहीत तर अंडी नाहीत. ग्लाशात गोटे नव्हते, कारण चौऱ्याऐंशी साली सरकारने पाण्याच्या निचऱ्याची योजना काढली आणि कुणीतरी पोकलेनने सगळा तळ उपसून काठावर फेकला. तो कुणीतरी म्हणजे मी. एकोणतीस वर्षांचा होतो. अख्ख्या लिट्रिम परगण्यात माझ्याइतका सरळ चर कुणी खणत नव्हता, हे माझे वैरीसुद्धा कबूल करतील.

ते गोटे अजून तिथेच आहेत, काठावरच्या ढिगात, काटेरी झुडपांखाली. ऑर्ला म्हणाली, "बरंच झालं, विकत आणायला नकोत." घरी आल्यावर ब्रीज म्हणाली, "चाळीस वर्षांनी का होईना, नवरा पसारा आवरतोय." बायकोला कुठून सुचतं देव जाणे.

९ ऑगस्ट
काठाची जमीन मॅलकी मॅकगोल्ड्रिकची. आमच्या घरांमध्ये एकच रान. ओढा उपसला तेव्हा त्याचा बाप हयात होता. गाईंनी पाण्यात उतरून तळ तुडवू नये म्हणून काठाला कुंपण हवं, आणि त्यासाठी मॅलकीची परवानगी हवी.

ऑर्लाने त्याला पाऊण तास समजावलं. तो लव्हाळ्याची काडी चावत ऐकत राहिला. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "मासे येतील असं तू म्हणतोस?"

"ही म्हणते."

"मी तुला विचारलं."

"येतील," मी म्हणालो. जीभ जरा चाचरलीच.

"एक हिवाळा देतो. ओढ्यात पिल्लं पोहताना माझ्या डोळ्यांना दिसली, तर कुंपण राहील. नाही दिसली, तर एक मे उजाडताच माझ्या गाई पाण्यावर. मग हा विषय माझ्या अंगणात आणायचा नाही." हातात हात देऊन ठरलं.

हा माणूस आम्ही तोंडावर पडायची वाट बघणार. लिहून ठेवतो.

२ सप्टेंबर
चाळीस मीटरभर गोटे टाकून झाले. खात्याने भाड्याने आणलेलं पोकलेन चालवायला मीच बसलो होतो. खणताना हात चालायचा, टाकताना अडखळत होता. फेकायला अक्कल लागत नाही, मांडायला लागते. ऑर्ला पाण्यात उभी राहून "अजून डावीकडे, अजून थोडं," करत होती आणि मी निमूट ऐकत होतो. ब्रीजने हे बघायला हवं होतं.

१७ नोव्हेंबर
पाणी सहा अंश.

आले. दोन आठवडे मी रोज सकाळी काठावर जाऊन रिकाम्या पाण्याला शिव्या घालत होतो. आज पुलाखालून एक पाठ दिसली, तपकिरी, हातभर लांब. मग दुसरी. मादी आडवी होऊन शेपटी आपटत होती आणि गोटे खडखडत होते. माझ्याच गोट्यांचा आवाज. मी धावत घरी आलो. ब्रीजला वाटलं कुणी गेलं.

२१ नोव्हेंबर
तीन खळगे. ऑर्लाने तिन्हींपाशी काठावर खुंट्या ठोकल्या. "एप्रिल अखेरपर्यंत इथे पाय टाकायचा नाही," म्हणाली. "गोट्यांमधून स्वच्छ पाणी खेळत राहिलं पाहिजे. अंडी त्यावरच श्वास घेतात."

आजच मॅलकीला पोटदुखीने स्लायगोच्या हॉस्पिटलात नेलं. पित्ताशय. बायको नाही, पोरं नाहीत, आणि गोठ्यात बावीस गाई. सांगायला कुणी आलं नाही. मी बूट घातले आणि गेलो.

११ डिसेंबर
मॅलकी काल घरी आला. तीन आठवडे मी त्याच्या गाईंना मुरघास घातला, एक अडलेलं वासरू ओढून काढलं. आज तो भेटला तेव्हा म्हणाला, "लाल गाय जाड झालेली दिसते." मी म्हणालो, "खाते फार." संपलं बोलणं.

हे ऑर्लाला सांगितलं तर तिचे डोळे मोठे झाले. "आभारसुद्धा नाही मानले?" ती डब्लिनची आहे. इथे कुणी आभार मानले तर वाटतं, याने दोन शब्दांत आपल्याला वाटेला लावलं. केलेलं काम कधीतरी कामाच्याच रूपात परत येतं, न सांगता. आणि आलं की 'कशाला केलंस' असं विचारायचं नसतं. माझ्या बापाने मला शिकवलेली एवढी एकच रीत आहे.

१२ जानेवारी, शुक्रवार
सकाळी इंजिनाचा आवाज आला. जुनं पोकलेन. तो आवाज मी झोपेतही ओळखीन, मॅलकीने ते माझ्याकडूनच घेतलेलं आहे. बघतो तर तो माझ्या खालच्या रानाच्या कडेचा चर उपसतोय.

हा चर बुजलेला आहे म्हणून माझं रान दर हिवाळ्यात पाण्याखाली जातं. वीस वर्षं मी त्यावरून कुरकुरतोय, दारूच्या गुत्त्यात, चर्चच्या पायऱ्यांवर, जिथे तोंड उघडेल तिथे. पोटावरची टाक्यांची खूण अजून लाल असताना हा बाबा मशीनवर बसून माझ्यासाठी खणतोय. क्षणभर मला भरून आलं. हे नाकारत नाही.

मग आठवलं, तो चर उतरतो कुठे. ग्लाशात. तिन्ही खळग्यांच्या वर दोनशे मीटरवर.

धावत गेलो. इथली माती निळसर, चिकट, पाण्यात विरघळली की दुधासारखी पसरते. ओढा राखाडी झाला होता. पहिल्या खुंटीपाशी तळ दिसेना. ऑर्लाला फोन लावला. कुठपर्यंत राखाडी झालंय ते तिने विचारून घेतलं. मग म्हणाली, "आता हात लावू नका. ढवळलंत तर वाचलेलीही मरतील. जे झालं ते झालं. फक्त आणखी गाळ येऊ देऊ नका, गस. आणखी नको."

चर अर्धाच झालाय.

१३ जानेवारी
सकाळी सात वाजता मॅलकीच्या दारात. पूर्ण ठरवून गेलो होतो: सरळ सांगायचं, "थांब, तुझा गाळ अंडी मारतोय." पाच शब्दांचं काम.

"ये ये," तो म्हणाला. चहा केला. हॅम कापलं. बाजारात वासरांना काय भाव आला ते सांगितलं. टाक्यांची खूण दाखवली, मला बघायची नव्हती. मग सहज म्हणाला, "तुझं रान यंदा कोरडं राहील."

काय बोलणार? माणूस अर्धं पोट शिवून माझ्यासाठी चिखलात बसलाय, आणि मी त्याला म्हणू की तू मोठं नुकसान केलंस? वीस वर्षं कुरकुर कुणी केली? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

"हो, दिसतंय खरं," मी म्हणालो, आणि घरी आलो. तासाभरात मशीन सुरू झालं. दिवसभर चाललं. दुसऱ्या खुंटीचाही तळ गेला.

ब्रीज म्हणाली, "मी सांगू का त्याला?"

"खबरदार."

"तुम्ही दोघं मेल्यावर तरी एकमेकांशी बोलाल का?"

उद्या रविवार. इथे रविवारी कुणी मातीला हात लावत नाही. एक दिवस मिळाला. सोमवारी तो चर पुरा करणार.

१४ जानेवारी, रविवार
हे लिहू की नको असं झालं होतं. लिहितो.

अकराच्या प्रार्थनेला सगळा गाव चर्चमध्ये. मी ब्रीजला म्हणालो, घसा बसलाय. तिने फक्त माझ्या बुटांकडे बघितलं. ती गेल्यावर मी मॅलकीच्या रानात उतरलो, पोकलेनचं झाकण उघडलं आणि डिझेल सोडणारी झडप काढून घेतली. अंगठ्याएवढी वस्तू. दोन पाने लावायला दोन मिनिटं. ती नसेल तर इंजिन सात जन्मांत चालू होणार नाही.

शेजाऱ्याने केलेलं भलं काम रविवारी चोरून मोडलं. अडुसष्ट वर्षांत इतकी लाज वाटली नव्हती. तरी खाली ओढ्यावर जाऊन तिसरी खुंटी बघितली. तिथे अजून गोटे दिसत होते.

१५ जानेवारी
व्हायचं तेच झालं. नऊ वाजता मॅलकी दारात. "मशीन मेलंय. तूच बघ बाबा, त्याच्या पोटात काय आहे ते तुलाच ठाऊक."

गेलो. झाकण उघडून पंधरा मिनिटं नुसताच आत बघत उभा राहिलो. तो माझ्या खांद्यामागे.

"डिझेलची झडप गेली," मी म्हणालो.

"गेली म्हणजे?"

"म्हणजे, बिघडली. नवी मागवावी लागेल. जुनं मशीन, वेळ लागेल."

तो त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग खाली चराकडे, चरावरून ओढ्याकडे. डोळे बारीक करून बराच वेळ बघत होता, ऊन होतं म्हणून असेल.

"किती वेळ?"

"मे उजाडेल."

"मग उजाडू दे मे," मॅलकी म्हणाला. "घाई नाही, गस. मुळीच घाई नाही."

सुटलो. त्याला यंत्रातलं काही कळत नाही, हे माझं नशीब.

२२ जानेवारी
पाणी चार अंश. राखाडीच.

आज नवंच खूळ. मॅलकीने पेंढ्याचे आठ-दहा गठ्ठे चराच्या तोंडात आडवे रचलेत. "हे काय?" विचारलं तर म्हणे, "कुजले होते. कुठेतरी टाकायचेच." शेणाच्या खड्ड्यात टाकता आले असते. हॉस्पिटलातून आल्यापासून माणूस आळशी झालाय. माझं रान अर्धं पाण्याखाली, तेही पेंढ्याने अडलेल्या पाण्याखाली. पण मी कुठल्या तोंडाने बोलणार?

३० जानेवारी
पाणी तीन अंश. बरंच निवळलं. दंव पडतंय, जमीन घट्ट झालीय, त्यामुळे असणार. कधीकधी निसर्गच मदतीला येतो.

२६ फेब्रुवारी
मॅलकी रोज सकाळी काठावर. टोपी डोळ्यांवर, हात खिशात, कुंपणाच्या पलीकडे तासभर. पुढच्या आठवड्यापासून गाई हाकायची काठी घेऊनच यायला लागेल बहुतेक. मे महिना मोजतोय. त्याला जिंकायचंय, दुसरं काय! मी गेलो की मान हलवतो आणि निघून जातो.

मला राग येतो. आणि रागाच्या तळाशी ती झडप आहे.

१९ मार्च
वाईट दिवस.

अंडी फुटायला हवी होती. ऑर्लाने एक खळगा उघडून बघायचं ठरवलं, पहिला. मॅलकी नेमका काठावर होता. मी त्याला हाकलू शकलो नाही, जमीन त्याची.

तिने गोटे एकेक करून बाजूला केले. खाली निळसर थर, लोण्यासारखा. त्यात अंडी. पांढरी, मेलेली, एकमेकांना चिकटलेली. शंभरेक असतील. ऑर्लाने हातमोजा काढून नाक पुसलं. तिला काम सोपं नाही, पोरगी पंचविशीची आहे.

"ही माती..." तिने सुरुवात केली. मी तिच्या बुटावर पाय दिला.

"पुराची," मी म्हणालो. "जानेवारीतला पूर."

मॅलकी वाकला. चिमूटभर गाळ बोटांत घेतला, चोळला, वास घेतला. त्याच रानात जन्मलेला माणूस. मला वाटलं, आता बोलणार.

"पुराचीच," तो म्हणाला. हात विजारीला पुसून घरी गेला. जाताना त्याची पाठ जरा वाकलेली वाटली. टाके दुखत असतील.

दुसरा खळगाही गेलाच, ऑर्ला म्हणाली, वरूनच कळतं. तिसऱ्याला हात लावायचा नाही. तिसरा आहे किंवा नाही.

६ एप्रिल
काही नाही.

१३ एप्रिल
काही नाही. ब्रीज म्हणते, मी झोपेत गोटे मोजतो.

२३ एप्रिल
पाणी नऊ अंश. ऑर्ला दिवसभर पोटावर झोपून काठावरच्या उथळ पाण्यात बघत होती. पिल्लं गोट्यांतून वर आली की तिथे सरकतात म्हणे, बोटाच्या पेराएवढी. काही नाही. जाताना म्हणाली, "तुम्ही तुमचं सगळं केलंत, गस." मी सगळं केलं ते हिला कुठे ठाऊक आहे.

मला माणसांच्या मरणाला जाऊन इतकं वाईट वाटलेलं नाही, जितकं या न दिसणाऱ्या पोरांमुळे वाटतं. हसू येतं, पण खरं आहे. चाळीस मीटर ओढा मी मारला होता. तो मीच जगवणार होतो. आता उरलेल्या आयुष्यात पुलावरून जाताना मान वळवायची.

२९ एप्रिल
रात्रभर पाऊस. ओढा फुगलाय. गढूळ नाही, एवढंच. खिळे काढायची पक्कड शोधून ठेवली. कुंपण मी घातलं, मीच काढीन. त्याने काढू नये.

३० एप्रिल
सगळं जसं झालं तसं लिहितो. 

सकाळी आठला पक्कड घेऊन गेलो. मॅलकीच्या गाई फाटकापाशी जमल्या होत्या, हिवाळाभर गोठ्यात कोंडलेल्या, हंबरत होत्या. एक दिवस आधीच आणल्या! मला वाटलं, माणसाने दिलेला शब्द तरी पाळावा. मी तावातावाने काठाकडे निघालो.

मॅलकी पाण्यापाशी गुडघ्यांवर बसला होता. मागे न बघता हात वर केला. "हळू. सावली पाडू नकोस."

मी त्याच्या शेजारी बसलो. गुडघे वाजले. आधी फक्त पाणी दिसलं. मग त्यातली एक काडी हलली. मग काडी नव्हतीच, डोळे होते, दोन काळे ठिपके आणि मागे वाळूच्या रंगाची शेपूट, प्रवाहात तोंड करून टिकून राहिलेली. मग दुसरं. मग दगडाच्या आडोशाला सात-आठ. मी मोजायला लागलो आणि माझे डोळेच भरले, आकडा चुकला.

"त्रेपन्न," मॅलकी म्हणाला. "काल एकोणपन्नास होती."

"काल?"

"चार दिवस झाले. शुक्रवारी पहिलं दिसलं."

"चार दिवस!" मी ओरडलोच, पिल्लं दगडाखाली पळाली. "मी इथे मरतोय आणि तू चार दिवस... सांगितलं का नाहीस?"

मॅलकीने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं कित्येक वर्षांत पहिल्यांदाच सरळ बघितलं.

"तू मला चराचं सांगितलंस?"

 गाई हंबरत होत्या. ते गाळ अडवणारे पेंढ्याचे गठ्ठे, ते 'मुळीच घाई नाही', सकाळी तासभर काठावर उभं राहणं, सगळं एकदम डोक्यात आलं, आणि कान तापले. मूर्ख मीच होतो.

"तुला वाईट वाटेल म्हणून," मी म्हणालो.

"वाटलंच. शंभर अंडी मेली माझ्या हाताने. ते वाईट वाटणं माझं होतं, गस. तू ते माझ्यापासून लपवायचं नव्हतंस."

मग मी बोललो. ठरवून नाही. पिल्लांकडे बघत होतो म्हणून जमलं असेल. "चौऱ्याऐंशी साली ओढा उपसताना तुझा बाप इथे उभा राहिला होता. हात हलवत होता. हे चाळीस मीटर सोड, म्हणत होता, इथे मासे अंडी घालतात. मी हात कानाला लावून दाखवलं, इंजिनात ऐकू येत नाही म्हणून."  मी पक्कड गवतात ठेवली. "ऐकू येत होतं."

 मॅलकीने टोपी काढली, परत घातली. पिल्लं दगडाखालून एकेक करून बाहेर आली.

"त्याला ठाऊक होतं," मॅलकी म्हणाला. "मरेपर्यंत म्हणायचा, गसला ऐकू आलं होतं." मग हाताला धरून मला उठवलं. "चल, गाई वरच्या रानात न्यायच्यात. त्या ओढ्याकडे वळतील. फाटक धर."

मी फाटक धरलं.